मोजणीच्या दुसऱ्या दिवसाचं तिकीट

“सर, रस्ता बंद हाय. लोकं टायर जाळून राहिलेत. ड्रायव्हर पुढं जायला तयार न्हाई.”

सलीमचा फोन मध्य अमेरिकेतून होता. मी लातूरच्या ऑफिसात. आमची कंपनी कलर सॉर्टर बनवते, म्हणजे कॅमेऱ्यानं खराब दाणा हेरून हवेच्या फुंकरीनं उडवणारी मशीन. मी तिथे सर्व्हिस मॅनेजर. औश्याचा सलीम आमचा इंजिनिअर, मशीन बसवायला गेलेला. देशाचं नाव सांगत नाही, तिथल्या दोन्ही पक्षांचे लोक आमचे गिऱ्हाईक आहेत.

तिथे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. तिकीट काढताना शेठ म्हणाले होते, “मोजणी सुरू झाली की दुपारपर्यंत गुलाल. दुसऱ्या दिवशीचं काढा.” मलाही पटलं. आपल्याकडे तसंच होतं. तिकडे मोजणी अर्ध्यात अडकली, दोन्ही उमेदवारांनी आपणच जिंकल्याचं जाहीर केलं आणि विमानतळाचा रस्ता बंद झाला. इकडे औश्यात शुक्रवारी सलीमच्या बहिणीचा निकाह. वडील नाहीत. भाईजान आल्याशिवाय ‘कबूल’ म्हणणार नाही, असं ती हटून बसलेली. हे विमान चुकलं की सगळंच चुकलं.

शेठ म्हणाले, “वकिलातीला मेल करा.” केला. उत्तर आलं, सुरक्षित ठिकाणी थांबावे.

मी मूळचा नांदेडचा. नायगावला रास्ता रोको झाला की दोन्हीकडे एसट्या अडकतात. मग इकडचे प्रवासी पायी तिकडे जातात, तिकडचे इकडे येतात आणि गाड्या आल्या वाटेनं परत फिरतात.

“सलीम, पलीकडं विमानतळाकडनं आलेल्या गाड्या असतील. बॅग उचल अन् पायी जा. हुज्जत घालू नको. पुढाऱ्याला विचारून जा.”

“हाव सर. सोलापूर रोडवर करतो तसंच.”

वाटेत असे दोन बंद लागले, एक या पक्षाचा, एक त्या पक्षाचा. दोन्हीकडे त्यानं गाडी बदलली. विमान मिळालं.

निकाहाला मी गेलो. ताटात बिर्याणी वाढत सलीम म्हणाला, “लोकं चिडलेली नव्हती सर, भ्यालेली होती. आपलं मत मोजतेत का न्हाई, याचं भ्या. एका बाईनं पाणी दिलं. मोबाईलवर भाषांतर करून इचारलं, तुमच्याकडं हरलेला गपगुमान घरी जातो का? मी हाव म्हणलं. बरोबर सांगितलं ना?”

“आतापर्यंत तरी बरोबर,” मी म्हणालो.

तिकडे मोजणी अजून चालूच होती. हल्ली निवडणुकीच्या देशात माणूस पाठवायचा तर मी निकालाची तारीख विचारत नाही. हरणारा स्वभावानं कसा आहे ते विचारतो, मग परतीचं तिकीट काढतो.