लक्ष्मीबाईंचं कॅबिनेट

मला लिहायची सवय नाही, जमेल की नाही ठाऊक नाही. पण शहाडच्या आमच्या सोसायटीतल्या लक्ष्मीबाई भोईर कशा आहेत, हे कुणीतरी सांगायला हवं. त्या अन्याय विसरत नाहीत.

त्यांच्याकडे तळहाताएवढा ऑस्कर मासा होता. त्या जवळ गेल्या की काचेला तोंड लावायचा. त्याच्या टाकीसाठी त्यांनी कल्याणला दिपेशच्या फर्निचरच्या दुकानातून सुट्या फळ्यांचं कॅबिनेट आणलं. जोडायला मी होतो. फळ्या आवळणारे गोल लॉक नुसतेच फिरत. लक्ष्मीबाईंनी दिपेशला फोन केला.

"काकू, जोर लावा, बसतात ते."

जोर लावला. बसल्यासारखे वाटले. दुसऱ्या सकाळी कॅबिनेट कललं, टाकी फुटली, मासा लादीवर तडफडून मेला.

तक्रार घेऊन गेलो, तर दिपेश गिऱ्हाइकांसमोर हसला. "माल एक नंबर आहे. तुम्हाला दोघांना जमलं नाही. वय झालं आता."

रिक्षात लक्ष्मीबाई म्हणाल्या, "नाना, याच्याच तोंडून वदवून घेणार. चार माणसांत."

दुकानात दरवर्षी सत्यनारायण असतो, जुन्या गिऱ्हाइकांना बोलावणं असतं. त्या दिवशी तेच कॅबिनेट, त्याच लॉकनी जोडून, आम्ही टेम्पोत घातलं. गुरुजी मांडणी करत होते. लक्ष्मीबाईंनी कॅबिनेट मधोमध ठेवायला लावलं.

"दिपेश, चौरंग कशाला? देव यावर मांड. तुझाच माल."

"काकू, मस्करी नका करू."

"मस्करी कसली रे? एक नंबर ना? गुरुजी, ठेवा कलश."

गुरुजींनी खरंच कलश उचलला.

"नको, गुरुजी!" दिपेश ओरडला.

"का नको?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

"पडेल."

"मागच्यांना ऐकू नाही गेलं."

"पडेल, काकू! लॉक खराब आहेत. सगळा लॉटच तसा आलेला."

मागून एक बाई उठल्या. "म्हणजे आमचंपण?" मग आणखी दोघं उठले.

लक्ष्मीबाई डोक्यावर पदर घेऊन पुढे बसल्या. सगळे अध्याय ऐकले. प्रसाद वाटताना दिपेशची मान वर होईना.

"नीट भर द्रोण," त्या म्हणाल्या.

दुकानाच्या पायऱ्या उतरल्यावर मी विचारलं, "झालं समाधान?"

"कसलं? मासा आला का परत?" त्यांनी शिऱ्याचा घास घेतला. "पुढच्या वर्षीपण येणार मी. पहिल्या रांगेत बसणार."

मीही जाणार आहे.