टाक्याखालचा गुंता

चामड्याच्या पिशव्या शिवणाऱ्या काकूंचं ठाम मत होतं की मशीन बिघडत नाही, बिघडतो तो माणूस. त्यामुळे शिवणीच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे गुंते यायला लागले तेव्हा दोष त्यांनी स्वतःकडेच घेतला. डोळे अधू झालेच होते, आता हातही गेले म्हणायचे! त्यांनी बॉबिन पुसली, सुई बदलली, वरच्या दोऱ्याचा ताण वाढवायला स्क्रू रोज थोडा थोडा आवळला. गुंता काही हटेना. शेवटी वैतागून जुन्या मशीनच्या दलालाला निरोप धाडला.

"आई, जरा थांबा ना," सून म्हणाली. हल्ली दोरा तीच ओवून द्यायची, तोही अगदी नीट.

"कशाला थांबू? नुसती चामड्याची वाट लावतेय मी."

बोलून गेल्या खऱ्या, पण मशीन गेलं तर दिवसभर करायचं काय, हा प्रश्न त्यांना सुटत नव्हता.

दलाल येणार त्या सकाळी सून बाजारात गेली होती. शेवटचं एकदा म्हणून काकू मशीनवर बसल्या. काम संपलं की सुईजवळच्या फुटाखाली, म्हणजे चामडं दाबून धरणाऱ्या पट्टीखाली, चामड्याचा तुकडा दाबून ठेवायचा, हा त्यांचा जुना शिरस्ता. त्यांनी चाचपडत दोरा धरला आणि त्यांचा दुसरा हात आपसूक मागे गेला, दांडी वर करून त्याने फूट उचलला. मग सुईशी बरीच झटापट झाली. एकदाचा दोरा ओवला, मशीन चालवलं, तर दोरा कटकन तुटला.

काकू चमकल्या. इतके दिवस सैल पडणारा दोरा आज ताणाने तुटतो?

त्यांनी दांडी खालीवर करून पाहिली. फूट खाली असला की दोऱ्याला ताण देणाऱ्या दोन चकत्या मिटलेल्या, दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नव्हता. सून रोज फूट न उचलता तसाच ओवत होती. तिला सांगणार तरी कोण? हे काकूंच्या हाताला ठाऊक होतं, काकूंना नव्हतं.

स्क्रू सैल करून त्यांनी पुन्हा शिवलं आणि खालून बोट फिरवलं. गुंता नव्हता. काकूंना इतका आनंद झाला की तोच तुकडा त्यांनी आणखी दोनदा शिवला.

सून आली, सगळं ऐकून ओशाळली. "म्हणजे घोळ माझाच."

"तुझा कसला? मी सांगितलं होतं का कधी? आता आधी फूट उचलायचा, मग ओवायचं."

तेवढ्यात दलाल दारात. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा तुटायला आला होता.

"ती पिशवी द्या इकडे," काकू म्हणाल्या. सुनेने दोरा ओवला, काकूंनी पट्टा शिवून दिला. दलालाने तो ओढून पाहिला, उलटा करून पाहिला.

"मशीन तर झकास चालतंय. मग विकताय कशाला?"

"विकतंय कोण?" म्हणत काकूंनी पुढची पिशवी फुटाखाली सरकवली.