थंड्या अणूंची फुगडी

मी पुण्यात पीएचडी करतो. फर्मिऑन जातीचे अणू लेझरनं इतके थंडे करतो का अंतराळातली थंडीबी त्याच्यापुढं उबदार वाटावी. घरी हे कितीदा सांगितलं. पण मेहकरच्या बाजारात वांगे विकता विकता बाबाले कोणी इचारलं, "पोरगा काय करते हो?" का बाबाची गाडी "थंडं करते" इथंच अडे. समोरचा म्हणे, "म्हणजे कोल्ड स्टोरेज?" आन् बाबा थकून म्हणे, "हाव."

सुट्टीत घरी आलो तं शेजारचे काका टमाट्याचं कॅरेट घेऊन दारात उभे. "भाव चढेपर्यंत ठेवशीन का बाबू, तुह्या मशिनीत?"

मी हसून हसून बेजार. बाबा हसले नाही. काका गेल्यावर म्हणे, "मले माह्याच पोराचं काम सांगता येत नाही बे. नीट सांग."

मी आमच्या हेडमास्तरच्या आवाजात सुरू केलं, नाकातून: "मुलांनोऽ, अणू म्हणजे..."

"त्याच्या नाही. माह्या आवाजात सांग."

शाळेपासून साऱ्या गावाच्या नकला केल्या, बाबाची कधी केली नव्हती. खाकरलो, कमरेवर हात ठेवले. "हे पाह्य भाऊ. अणू म्हणजे बाजारातले आपण. एकाच्या जागेवर दुसरा बसत नाही. बसला तं भांडण! पण लय थंडे केले का त्यायच्या जोड्या जमतात. मंग साऱ्या जोड्या एका तालात वाहतात. कुठं घासत नाही, कुठं अडत नाही."

"आन् तुह्यं काम काय त्याच्यात?"

"मी त्यायच्या चालीले गिरकी बांधतो. इकडं निघाला तं डावी, तिकडं निघाला तं उजवी. मंग उलट्या चालीचे, उलट्या गिरकीचे जोडीदार कसे जमतात ते पाहून राह्यलो."

बाबा उठलेच. अंगणात विहिरीकडून गिरक्या घेत निघाले, मले दारातून उलट्या गिरक्या घेत यायले लावलं. मधात भेटलो, हात धरले, आन् बापलेकाची फुगडी सुरू! माय ओट्यावरून वरडली, "अवं बाप्पा! काय चढलं दोघायले?"

पुढच्या बाजारी मी मुद्दाम मागं उभा होतो. तेच काका आले. "मंग, कधी काढता कोल्ड स्टोरेज?"

"कोल्ड स्टोरेज नाही भाऊ. या इकडं." बाबानं काकाचे हात धरले आन् कोथिंबिरीच्या ढिगापुढं फुगडी घातली. टोपी उडाली. गिऱ्हाइकं भाव करायचे थांबले. बाबा धापा टाकत सांगून राह्यले, "असं! जोडी जमली का अडत नाही!" डावी-उजवी गिरकी मात्र त्यायनं उलटी सांगितली. मी दुरुस्त केली नाही. लेझर उलटे लावले का तसंबी होते.

एक बाई म्हणे, "हे तुमचा पोरगा करते?"

बाबा टोपी झटकत म्हणे, "हाव!"

सगळ्यायच्या नकला करतो मी. तो 'हाव' अजून जमत नाही.