उणे पाच अंशांतले आंबे

आमच्या घरात बर्फात झोपण्यासाठी बनवलेली एक स्लीपिंग बॅग आहे आणि ती आम्ही फक्त एप्रिल-मे महिन्यांत वापरतो.

गाव मिठबाव. समोर समुद्र, मागे आंब्याची कलमं. इथे थंडी म्हणजे जानेवारीत दोन दिवस पंखा एक नंबरवर ठेवतात ती. एवढं लक्षात ठेवा, कारण मी तेवढंच विसरलो होतो.

सुरुवात मितूच्या फोनने झाली. मितू माझी मुलगी, पुण्यात नोकरीला. तीन वर्षं आमचं बोलणं म्हणजे "जेवलंस?" "होय." "आईक दी." त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "बाबा, देवगडसून आचऱ्यापर्यंत किनाऱ्या-किनाऱ्यान चलत जाऊचा हा. चार दिवस. पाठीर पिशवी, रातीक तंबू. येशीत माझ्यावांगडा?"

(मैत्रिणीचं ऐनवेळी रद्द झालं म्हणून जागा रिकामी होती, हे मला नंतर कळलं. तात्पुरती का असेना, नेमणूक ती नेमणूक!)

मी होय म्हटलं. खरं सांगतो, आवाज जरा ओला झाला.

"पण अट आसा," मितू म्हणाली. "आपला सामान आपण उचलूचा. नायतर घराक रवाचा. आणि उन्हाळ्यातली, हलकी, स्वस्तातली स्लीपिंग बॅग घी. लिंक धाडलंय, तीच घी. डोक्या चालव नको!"

आता मी सरकारी कचेरीत तीस वर्षं खरेदीचं टेबल सांभाळून निवृत्त झालेला माणूस. टाचण्यांचा डबासुद्धा तीन कोटेशनांशिवाय घेतला नाही. मला म्हणे डोकं चालवू नको! मी मोबाइलवर तीन दुकानं उघडली, कागदावर रेघा मारून तुलनात्मक तक्ता केला, खाली सही केली. मितूने सांगितलेली बॅग चादरीएवढी पातळ, 'वीस अंशांपर्यंत उपयुक्त'. आणि अगदी त्याच किमतीत दुसरी, 'उणे पाच अंशांपर्यंत उपयुक्त'! म्हणजे पंचवीस अंश फुकट! असा सौदा मला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. मी तक्त्यावर 'मंजूर' असा शेरा मारला आणि बॅग मागवली.

पार्सल दोन्ही हातांनी उचलावं लागलं. माझी बायको सुमन (म्हणजे आमचं घरगुती ऑडिट) पदराला हात पुसत बाहेर आली.

"ह्या काय हाडलात? गादी?"

"स्लीपिंग बॅग. उणे पाच अंश."

"मिठबावात?"

"हवामानाचा भरवसा देता येत नाही," मी म्हणालो. घरात हरायला लागलो की मी कार्यालयीन मराठीत शिरतो.

"मगे आत्ताच झोपान दाखवा!"

दुपारचे दोन. एप्रिल. मी पडवीत बॅगेत शिरलो, चेन गळ्यापर्यंत ओढली, टोपीची नाडी आवळली आणि जाहीर केलं, "वीस मिनिटांची चाचणी." दुसऱ्या मिनिटाला कानात घाम गेला. सातव्या मिनिटाला कुटुंब-पेन्शनचा अर्ज कुठल्या कपाटात आहे, ते मी सुमनला सांगून टाकलं.

तेवढ्यात शेजारचा गुरू आला. याची आंब्याची बाग आमच्या कुंपणाला लागून, आणि हा माणूस बरोब्बर माझी अब्रू जाताना येतो.

"वैनी, आप्पांक काय झाला?"

"काय नाय. तेंका थंडी वाजता."

"आवशीचो घो!" गुरूने माझ्या मानेपाशी आत हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. "आप्पा, हेच्यात माणूस झोपता काय पिकता?"

दोघं पोट धरून हसली. "अजून बारा मिनिटे शिल्लक आहेत," मी आतून कळवलं. पण नवव्या मिनिटाला स्वतःच नाडी सोडून बाहेर आलो आणि शर्ट पिळून दोरीवर टाकला.

त्याच संध्याकाळी कुणाला न सांगता मी दुकानाला बॅग परत न्यायला कळवलं, ती मागच्या खोलीत टाकली आणि पुन्हा तिकडे फिरकलो नाही. चार दिवसांनी माणूस येणार होता. मितू पाचव्या दिवशी. पैसे परत मिळाल्याशिवाय दुसरी खरेदी माझ्या नियमात बसत नव्हती, म्हणून मी मितूवाली बॅग मागवलीच नाही. (नियम माझाच, मोडणार कोण?)

चौथ्या दिवशी मी चष्म्यासाठी देवगडला गेलो होतो. परत आलो तर घरासमोरच्या खळ्यात कुरियरवाला उभा, आणि त्याच्यासमोर बॅग, फुगलेली. आत कोणीतरी निजलंय असं वाटलं म्हणून मी घाबरत चेन उघडली. हापूस! सहा डझन, पिवळेधमक, अख्खं खळं घमघमलं.

"सुमन!"

"बोंब कित्याक मारतात? अढी घालूक औंदा गवत खंय आसा? चार दिसात पिकले बगा! गुरूभाऊजी बरोबर सांगी होते."

"ही बॅग परत जायची होती!"

"माका सांगलात काय?"

कुरियरवाल्याने आत डोकावून वास घेतला. पायाच्या टोकाला एक आंबा फुटला होता. "आप्पानू, ह्या आता परत घेऊक गावाचा नाय," तो म्हणाला आणि जाताना दोन आंबे घेऊन गेला. बॅग सोडून.

मी पायरीवर बसलो. तुम्हाला सांगायला हरकत नाही, पंधरा दिवस मी रोज सकाळी तांदळाची पिशवी पाठीला बांधून वाळूत चालायची सवय करत होतो. मितूच्या मागे पडायला नको म्हणून. आणि आता हे!

दुसऱ्या दिवशी मितू आली. बॅग उचलली, खाली ठेवली, हुंगली.

"बाबा, मी लिंक धाडलेली मां?"

"होय."

"मगे?"

"पंचवीस अंश..."

ती हसली नाही. "ह्या वझा घेऊन चार दिवस? तू रव घराक, बाबा."

अट तिने आधीच सांगितली होती. मी "बरा" म्हणालो आणि नव्या बुटांच्या लेस सोडायला लागलो. डोळ्यांसमोर नीट दिसेना. नवा चष्मा असूनही.

तेव्हा सुमन आतून घडी केलेल्या पंचाएवढं काहीतरी घेऊन आली. तिच्या दोन जुन्या सुती साड्या, तीन बाजूंनी शिवलेल्या, वर नाडी. जांभळी फुलं.

"ह्या घेवा. वजन नाय, उबारो नाय."

मितूने तळहातावर तोललं. "आई! ह्या तर माझ्या बॅगेपेक्षा हलक्या! बाबा, लेस बांध!"

तर मी गेलो. चार दिवस मितू चालता चालता बोलत होती, ऑफिस, साहेब, भांडणं, सगळं. मी एकाही गोष्टीवर शेरा मारला नाही. आचऱ्याच्या किनाऱ्यावर सकाळी जाळी ओढायला आलेले लोक जांभळ्या फुलांतून निघालेल्या माझ्या मिशा बघून "खयची वैनी ही?" म्हणून थबकले. मितूने तो फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकला. गुरूने तो अजून ठेवलाय.

घरी आल्यावर मी सुमनला विचारलं, "ती पिशवी शिवलंस कधी गो?"

"पार्सल इला त्याच सांजेक."

"मगे इतके दिवस सांगलंस कित्याक नाय?"

ती उणे पाच अंशांत नवे आंबे लावत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी माझ्याकडे कोटेशन खंय मागलात?"

तेव्हापासून घरात टाचणी घ्यायची झाली तरी मी चार कोटेशनं मागवतो. पहिली तीन नुसती फायलीला लावायला.