आयांच्या वर्गातले महादेवभाऊ

कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता, त्यामुळे मजकूर वाचायच्या आधीच कोणीतरी गेल्याचं कळलं. कोण, एवढंच कळायचं राहिलं होतं. अक्षर कमलचं होतं, माझ्या जुन्या विद्यार्थिनीचं. "बाई, बाबा गेले. दुपारी मशीनवर बसले होते, पाणी मागितलं आणि..." पुढची ओळ पुसट झाली होती. अमरावतीच्या आमच्या शाळेत तेव्हा मुलांची गाणी चालली होती. मी कार्ड कमरेला खोचून गाणं संपेपर्यंत टाळ्या वाजवत राहिले. दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत मला रडू आलं नाही. तिथे एक माणूस मांडीवरच्या मुलीची वेणी घालत बसलेला दिसला, आणि मग काही थांबेना.

कमलचे बाबा, महादेवभाऊ, मला पहिल्यांदा भेटले ते अकोल्यात. देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या मागे दोन पत्र्याच्या खोल्यांत आम्ही बालवाडी चालवत होतो. एका खोलीत मुलं बसायची. दुसरीत त्यांच्या आया शिवण शिकायच्या, म्हणजे कापसाचा हंगाम संपला की हाताला दुसरं काम असावं. मी वकिलाच्या घरातली, नुकतंच मुलांना शिकवण्याचं शिक्षण घेऊन आलेली, आणि आपण फार मोठं काम करतो आहोत अशी माझी समजूत होती. एका सकाळी दारात एक उंच, रुंद खांद्यांचा पण कमरेतून वाकलेला माणूस उभा राहिला. त्याचं बोट धरून तीन वर्षांची मुलगी. तिच्या दोन वेण्या इतक्या नीट होत्या, की मी आधी त्याच पाहिल्या.

"पोट्टीले इथं बसवा बाई," तो म्हणाला. "आन् मलेबी त्या खोलीत बसवा."

मी हसले. "तो वर्ग आयांसाठी आहे हो."

"मंग बरोबर हाय. हिची माय आता मीच आहो."

कापूस बाजारात ते हमाल होते. बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. मागे ही कमल राहिली. तिला बैलगाड्यांच्या सावलीत बसवून ते गाठी उचलत. एके दिवशी गाडीवरून गाठ घसरली आणि कमरेवर आली. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे ओझं उचलायचं नाही. हे सगळं त्यांनी उभ्या उभ्या, कोणा दुसऱ्याची हकीकत सांगावी तसं सांगितलं. मी कमलला आत घेतलं आणि त्यांना नाही म्हटलं. नियमच तसा होता. ते तक्रार न करता बाहेर कडुनिंबाखाली बसले, आणि मुलगी सुटेपर्यंत तिथेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही. आठवडाभर.

गोष्ट संस्थेच्या अध्यक्षीणबाईंपर्यंत गेली. त्या पाहायला आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बायकांच्या वर्गात पुरुष बसला तर लोक काय म्हणतील?" मला बोलायचं होतं, पण मी बोलले नाही. इतकी वर्षं झाली, तरी ती माझी गप्प राहण्याची दोन मिनिटं मला आठवतात. बोलली ती गोदाबाई, जिनिंगमध्ये सरकी वेचणारी, तीन लेकरांची आई.

"बाई, आमच्या मरदायले लेकराचं नाक पुसाले सांगतलं तं ते उठून जातेत. हा माणूस पोरीची वेणी घालते. त्याले कावून बाहेर बसवून राहिले तुमी? तो नाई, तं आमीबी नाई."

आणि खरंच, अकराच्या अकरा बायका कापड गुंडाळून उभ्या राहिल्या. अध्यक्षीणबाईंनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "दाराजवळ बसू द्या," एवढं बोलून त्या गेल्या.

शिकणं सोपं नव्हतं. त्या बोटांत सुई दिसायचीच नाही. पहिली चड्डी त्यांनी शिवली तेव्हा दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले. मुलांनी ती डोक्यावर घालून खोलीभर धिंगाणा घातला, आणि सगळ्यांत मोठ्याने महादेवभाऊच हसले. अक्षर-अंकांची ओळख नव्हती, म्हणून टेपवरचे आकडे त्यांना कळत नसत. मग ते आमच्या खोलीत येऊन मुलांच्या मागे मांडी घालून बसू लागले. आम्ही चिंचोके मांडून मोजणी शिकवायचो. कमल मागे वळून सांगायची, "बाबा, सातानंतर आठ!" ते मान हलवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. पलीकडच्या खोलीत कोणाचं लेकरू रडलं, की आया मशीनवरून न उठता हाक मारत, "भाऊ, घ्या जी त्याले." आणि ते घ्यायचे. एका मांडीवर कोणाचं तरी लेकरू, दुसऱ्या मांडीवर शिवायचं कापड, असे ते माझ्या डोळ्यांपुढे आहेत.

त्यांना मी एकदा दुखावलं, तेही लिहायला हवं. नागपूरहून कोणी मोठे पाहुणे आले होते. मी कौतुकाच्या भरात महादेवभाऊंना पुढे बोलावलं. "हे पाहा आमचे हमाल, आता बाळाचं झबलं शिवतात," असं काहीतरी म्हणाले, आणि त्यांना शिवून दाखवायला सांगितलं. त्यांनी शिवून दाखवलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढचे दोन दिवस ते आले नाहीत, कमलही नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. ते चूल पेटवत होते.

"बाई, मी काय दरवेशाचं अस्वल आहो?"

मी तिथेच जमिनीवर बसले. मी म्हणाले, "चुकलं माझं." त्यांनी चहा केला, पितळी माझ्यापुढे सरकवली. "उद्या येतो," म्हणाले. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

शिवणाची परीक्षा अमरावतीला असे. मी आमच्या चार बायकांना आणि महादेवभाऊंना घेऊन गेले. कमल बरोबर होतीच. परीक्षेच्या बाई दारात म्हणाल्या, "बायकांना आत सोडा, तुम्ही बाहेर थांबा." "मले बाहेर थांबून चालत नाई जी," ते म्हणाले, "मीच परीक्षेले आलो." आत थोडी धावपळ झाली, कागद पाहिले गेले. पुरुषाला बसता येणार नाही असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहायचं कोणाला सुचलंच नव्हतं! ते पास झाले. प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यावर छापलेलं होतं 'श्रीमती', आणि पुढे त्यांचं नाव. मी ते दुरुस्तीला पाठवते म्हटलं. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. "राहू द्या बाई. माय म्हणूनच शिकलो ना मी."

शहरातल्या शिंप्यांनी त्यांना दारात उभं केलं नाही. वर्षभर त्यांनी एका दवाखान्यात चादरी आणि उशांचे अभ्रे शिवले. मग बालवाडीच्याच गल्लीच्या तोंडाशी, एका ओट्यावर, स्वतःचं मशीन मांडलं. मोठ्यांचे कपडे त्यांनी कधी घेतले नाहीत, फक्त लेकरांचे. मी पुढे लग्न होऊन अमरावतीला आले. कमल मॅट्रिक झाल्यावर आमच्याकडेच बालवाडीत शिकवण्याचं शिक्षण घ्यायला आली. तिला सोडायला ते आले तेव्हा केस पांढरे झाले होते. जाताना मला म्हणाले, "रडली तं रडू द्या, पण एकटी नोका ठेवू." शिकून ती अकोल्याला गेली, त्याच पत्र्याच्या खोल्यांत शिकवू लागली. बापाचं मशीन ओट्यावर आणि लेकीचा वर्ग गल्लीत आत, अशी त्यांची शेवटची दोन वर्षं गेली. सुखाची गेली, असं कमल म्हणते.

कार्ड मिळाल्यावर मी अकोल्याला पोहोचले त्या दिवशी फारसं बोलणं झालं नाही. महिन्याने पुन्हा गेले. शाळा सुटली होती, आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. मशीनवर चादर घातलेली. तेवढ्यात एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीचा निळा फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला होता.

"भाऊनं शिवला होता," ती बाई म्हणाली. "पोट्टी वाढली. खाली करून देतं का, कमल?"

कमलने फ्रॉकची खालची दुमड उलटून मला दाखवली. चांगलं चार बोटं कापड आत घेतलेलं होतं. मला हे माहीत नव्हतं. बाबा प्रत्येक फ्रॉकला असंच करायचे, ती म्हणाली. लोक कुरकुरायचे की कापड वाया जातं, पण ते ऐकायचे नाहीत. तिने ब्लेडने टाके उसवायला घेतले. बारीक, एकसारखे टाके होते. एकेक सुटत गेला, आणि आतलं कापड बाहेर आलं. बाहेरचा फ्रॉक धुऊन धुऊन फिका पडला होता, हे मात्र गडद निळं, दुकानातून आजच आणल्यासारखं.

कमलने हाताने ते सरळ केलं आणि आत आणखी चाचपून पाहिलं. तिथे दुसरी दुमड होती.

"अजून दोन बोटं आहे, बाई," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीचं."