मोगऱ्याले ताण

खत हातात घेतलं की काकू पयले नाकाले लावे. मंग मले म्हने, "कच्चं हाये वं हे. पोट दुखन त्याचं." पोट कोनाचं? मोगऱ्याचं! असं मानूस पाह्यलं का तुमी कुठी?

अकोल्यात जठारपेठेच्या मांगच्या गल्लीत काकूचं अन् आमचं घर लागून. माया घरी बकऱ्या, म्हनून लेंडीखत माया घरचं.

तो मोगरा काकूच्या लेकीनं लावला होता, लग्नाच्या आंधी. लेक तेल्हाऱ्याले देल्ली. बाळंतपनातही सासूनं तिले पोटभर जेवू देल्लं नाई, असं मांगून आयकू आलं. लेक गेली, लेकरूही गेलं. काकूले रडतानी मी पाह्यलं नाई. थे मोगऱ्याले जेवू घाले.

शेनखत, लेंडी, राख, सरकीच्या ढेपीचं पानी. थंडीत तर अळीवाचं पानी.

"काकू, झाड हाये का बाळंतीन?"

"तुले काय करनं? तुह्या बकऱ्या पाह्य."

मोगरा माजला. छपरावर चढला, हिरवागार. पन फूल? एक नाई. काकूले फुलं पायजे होती आखाजीले, अक्षय तृतीयेच्या दिवशी. गेलेल्या मानसाच्या नावानं आमच्याकडे घागर भरतात ना, तिच्यावर लेकीच्या हातचा मोगरा वाहाचा होता. दरसाली घागर सुनीच.

मी लग्नाआंधी अमरावतीकडं संत्र्याच्या बगीच्यात मजुरी केली. झाडाले ताण देल्ल्याबिगर भार, म्हंजे फुलं, येत नाई, हे मले ठाऊक. मी म्हनलं, "काकू, थंडीत पानी तोडा, खत बंद करा. पानं झडू द्या. मंग खत-पानी द्या, फुलंच फुलं."

तिनं घमेलं खाली ठेवलं. "उपाशी ठेवू?"

"थोडेच दिवस."

"तिची सासूही असंच म्हने."

मी घमेलं उचलून तिच्या हाती देल्लं.

त्या साली दुकानात पांढरं, मिठासारखं खत नवंच आलं. दुकानदारानं सांगतलं, चिमूटभर टाका, पानी लय द्या. काकू म्हने, "चिमटीनं कोनाचं पोट भरते वं?" ओंजळभर टाकलं. चैताचं ऊन, अन् विहिरीत बुडाले गढूळ पानी.

पानं कडेकडेनं करपली, तव्यावरच्या भाकरीवानी. काकू म्हने, "भूक लागली असन." अन् आनखी मूठ भरली. मी तिचं मनगट धरलं.

"काकू, जळून राह्यला तो खतानं."

मुठीकडं पाहत राह्यली. "माया हातानं?"

मी तिची मूठ उघडून खत घमेल्यात झाडलं.

आखाजीले घागर भरली. वर मोगऱ्याची वाळली काडी ठेवली.

मंग काकूनं जेवन सोडलं. मी भाकर नेली की म्हने, "ठेव तिथी. मी ताण देऊन राह्यली." अन् हासे. ते हासनं मले पाहवत नव्हतं. "काकू, मानसाले भार येत नाई ताणानं," मी म्हनलं. "एक घास खा, माय." तिनं तोंड भिंतीकडं केलं.

मिरगाच्या आंधीच काकू गेली.

पाऊस झाला. गल्लीत जिथी तिथी गवत आलं. मोगऱ्याच्या बुडाले मी रोज पाहो. कोंब नाई फुटला. खुट उपटाले गेली, तं मातीसकट हातात आलं, सडकं.

बकऱ्यायनं त्या जागी लेंड्या टाकल्या. मी त्या गोळा केल्या नाई. नाकाले लावून पाहनारं कोन होतं आता?