सोमवारचा चहा कोण पाजत होतं?

आमच्यात पुरतात; वडिलांना, म्हणजे आप्पांना, मातीत ठेवताना त्यांच्या कोपरीचा खिसा तपासायचा मी विसरलो. खिशात बँकेचं कॅश कार्ड होतं. तेही त्यांच्याबरोबर पुरलं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. अंगात आलेल्या माणसालासुद्धा मी "चहा घेणार का?" म्हणून विचारलेलं आहे. पण हे ऐका.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या बँकेने शाहूपुरीत ही कार्डं काढली. पैसे कार्डातच भरायचे, हॉटेलातल्या मशीनमध्ये कार्ड घालायचं, काम झालं. वर नाव नाही, फोटो नाही... कुणी कुठे खर्च केला ते बँकेलाही कळत नाही. मी हौसेने दोन घेतली — एक मला, एक आप्पांना.

आप्पांना शुगर. गोड चहा ढोसतात म्हणून मी त्यांच्या हातात रोख पैसे देत नव्हतो. आणि दिलं काय, तर ज्याचा पत्ताच लागत नाही असं कार्ड! हुशारी बघा माझी. दर सोमवारी ते गावाहून, गडमुडशिंगीहून, बसने यायचे आणि बंडूच्या हॉटेलात ठाण मांडायचे. विचारलं की म्हणायचे, "कुठला चहा? माझं नाव लिवलंय काय त्यावर?"

ते गेल्यानंतरच्या सोमवारी मी त्यांच्याच बाकावर बसलो. चहा प्यायलो, कार्ड घातलं. शिल्लक होती तेवढीच!

"बंड्या, माझे पैसे कापलेच नाहीत."

"मला तर मिळालं की! ह्ये बघा मशीनवर."

मंगळवारी पैसे कापले गेले. पुढच्या सोमवारी — पुन्हा नाहीत. मग दर सोमवारी तेच.

बँकेत गेलो. म्हटलं, "साहेब, कुणाच्या कार्डातून गेले एवढंच सांगा." एक नाव हवं होतं हो मला... कुणाच्या तरी तोंडून एकदा ऐकायचं होतं.

साहेब हसले. "तेच तर कळत नाही, शेठ. म्हणूनच घेतलंत ना तुम्ही?"

पुढे योजना गुंडाळली, मशीनं गेली. मशीन बिघडलं असेल म्हणावं, तर फक्त सोमवारीच कसं बिघडायचं? कार्ड मात्र मी परत केलं नाही. अजून सोमवारी ते समोर ठेवून त्याच बाकावर बसतो.

परवा बायको सोबत होती. म्हटलं, "आप्पाच होते का, एवढं कळायला पायजे होतं गं."

तिने कप माझ्यापुढे सरकवला.

"मामांजी हुते तवा त्यांच्या चहाची चौकशी, आता त्यांनी पाजलेल्याचीबी चौकशी! प्या की गप, गार झाला."